घाट उतरा, दर्या पाहा : चार दिवस दुकान बंद ठेवण्याचा हिशेब

उन्हाळ्यात शाळांना सुट्टी लागते, कोर्ट बंद होते, नोकरदार माणूस रजा टाकून गावी किंवा सहलीला जातो. आपला दुकानदार आणि कारागीर मात्र जागचा हलत नाही. सांगलीची गणपती पेठ घ्या, मिरजेचा बाजार घ्या, कराड घ्या किंवा साताऱ्याचा राजपथ घ्या. मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, तरी दुकानाचे शटर अर्धे वर असते आणि आत मालक पंख्याखाली पेंगत बसलेला असतो. "चार दिवस बंद ठेवा, बायकामुलांना घेऊन कुठे तरी जाऊन या," असे म्हटले की ठरलेले उत्तर येते : "मग धंदा कोण बघणार?"

प्रश्न व्यापाऱ्याचा आहे, तेव्हा त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सातारा-सांगलीच्या व्यापाऱ्याने वर्षातून एकदा तरी घरादारासह घाट उतरून कोकणच्या किनाऱ्यावर जावे. त्यात विश्रांती आहेच, पण ज्या रस्त्याने आपण जाणार तो आपल्याच व्यापाराचा जुना रस्ता आहे आणि त्याचे दुसरे टोक आपण पाहिलेलेच नाही.

आपला प्रवास कशासाठी होतो?

आपल्या घरातील वर्षभराचे प्रवास मोजून पाहा. लग्न, मयत, दवाखाना, एखादा उरूस आणि माल खरेदीसाठी मुंबई किंवा इचलकरंजी, एवढ्यात यादी संपते. त्यातही माल खरेदीला पुरुष एकटाच जातो. तरुण मुले चार मित्र जमवून मोटारसायकलवर गोव्याला जाऊन येतात. घरातील स्त्रीने मात्र माहेर आणि सासर यांच्यामधला रस्ता सोडला तर दुसरा रस्ता पाहिलेला नसतो. समुद्रापासून एका दिवसाच्या वाटेवर राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या किती तरी स्त्रियांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला आहे. ही गोष्ट आपल्याला खटकत नाही, याचेच वाईट वाटते.

पैसा नाही, हे कारण पुढे केले जाते. गरिबीचे कारण खरे असेल तिथे आम्ही काही बोलणार नाही. पण ज्या घरात एका लग्नाच्या जेवणावर लाखाचा खर्च हात न आखडता होतो, त्या घराने चार दिवसांच्या सहलीसाठी पैसे नाहीत असे म्हणू नये. गल्ल्यातून रोज ५० रुपये वेगळ्या डब्यात टाकले तर वर्षाला १८,२५० रुपये होतात. एस.टी.ने जायचे, साध्या घरगुती खोलीत उतरायचे आणि घरगुती जेवण घ्यायचे ठरवले, तर मध्यम कुटुंबाच्या खर्चाचा मोठा भाग एवढ्यात निघतो. मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, हेही या हिशेबात धरावे.

ज्याचा त्याचा हंगाम

आता वेळेचा प्रश्न. सगळ्यांनी मे महिन्यातच निघावे असे नाही. व्यापाऱ्याने आपल्या धंद्याचा मंदीचा आठवडा शोधावा. गणवेश, दप्तरे, वह्यापुस्तके विकणाऱ्याची खरी धांदल मेच्या अखेरीस सुरू होते, त्याने एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात निघावे. कूलर, पंखे, फ्रीज दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा उन्हाळा हाच सुगीचा काळ, त्याने डिसेंबर-जानेवारीत जावे. शिंपी, कॅटरर, मंडपवाले आणि बांगडीवाले यांनी लग्नाच्या तारखा पाहून मधली फट धरावी. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारात चपला, पट्टे आणि चणे विकणाऱ्या बांधवांना तर मे महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांचा समुद्र हिवाळ्यातला.

चांदवर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी मागे सरकतात. २०२६ साली रमजान ईद मार्चमध्ये आणि बकरी ईद मेच्या अखेरीस येते. म्हणजे दोन ईदींच्या मधला एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा मोकळा सापडतो. पुढच्या वर्षांचा हिशेब याच पद्धतीने मांडावा. मात्र १ जूनपासून मासेमारी बंदी सुरू होते, होड्या किनाऱ्याला लागतात आणि किल्ल्यांकडे जाणारी प्रवासी वाहतूक तर त्याआधीच, मेच्या अखेरच्या आठवड्यात थांबते. तेव्हा जे पाहायचे ते त्याआधीच.

गुहागर-विजापूर : रस्ता ओळखीचा, टोक अनोळखी

गुहागर-विजापूर हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत नाही? जत, नागज, खानापूर, विटा, कडेगाव, कराड, पाटण या गावांतून जाणारा हा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. विट्याचा गलाई कारागीर, जतचा बकऱ्यांचा व्यापारी, कराडचा भुसारवाला हे सगळे या रस्त्यावर रोज पाय ठेवतात. पण बहुतेकांचा रस्ता कराडला संपतो. तिथून पश्चिमेला पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि शेवटी गुहागरचा समुद्र. कराड ते चिपळूण सुमारे शंभर किलोमीटर आणि चिपळूणपासून गुहागर पंचेचाळीसच्या आसपास. साताऱ्याहून किंवा सांगलीहून सकाळी निघालेले कुटुंब दुपार कलण्याच्या सुमारास समुद्रावर पोहोचते. कराड-चिपळूण रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे, पण गाडी काही आलेली नाही. म्हणून एस.टी. किंवा स्वतःचे वाहन हाच मार्ग. घाट उजेडात उतरावा, रात्रीचा हट्ट धरू नये. शुक्रवारी दुकान बंद ठेवणाऱ्यांनी पहाटे निघाले तर जुम्म्याची नमाज चिपळूणला मिळते.

हा रस्ता मोटारींच्या आधीचा आहे. घाटमाथ्यावरचे धान्य, गूळ, मिरची बैलांच्या तांड्यांवर लादून खाली उतरायची आणि खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. विजापूरला आदिलशाही असताना तिचे समुद्राकडचे एक मोठे दार म्हणजे दाभोळ बंदर. राजधानी आणि बंदर यांच्या मधोमध आपला मुलूख होता. म्हणजे सातारा-सांगलीचा प्रदेश त्या व्यापाराच्या वाटेवरच वसलेला होता.

वाटेत कोयनानगरला थोडे थांबावे आणि मुलांना एक गोष्ट समजावून सांगावी. कोयनेचे धरण एकच, पण त्याचे पाणी दोन दिशांना जाते. वीज तयार करण्यासाठी ते बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवले जाते आणि पुढे वाशिष्ठी नदीला, म्हणजे चिपळूणकडे जाते. धरणाच्या दरवाजांतून सुटलेले पाणी पूर्वेला कराडला कृष्णेत मिळते आणि सांगलीकडे येते. २००५ आणि २०१९ साली सांगलीच्या पेठेत पाणी शिरले तेव्हाचे हाल आपल्याला ठाऊक आहेत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ तशीच बुडाली, आणि त्याच आठवड्यात सांगलीतही पूर आला. घाटाच्या दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांनी एकाच वेळी चिखलातून माल उपसला. चिपळूणच्या बाजारात चहाला थांबाल तेव्हा पुराचा विषय काढून पाहा. ओळख वाढवायला दुसरे निमित्त लागणार नाही.

गुहागर आणि त्याचा परिसर

महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांब आहे असे शाळेत शिकवतात. पण तो सरळ रेषेत पसरलेला वाळूचा पट्टा नाही. जांभ्या दगडाचे कडे थेट पाण्यात उतरतात, मध्येच खाडी आत घुसते, पुन्हा कडा, मग एखादी चंद्रकोरीसारखी पुळण. म्हणून एका गावातून दिसणाऱ्या पलीकडच्या गावाला जायला खाडीचा वळसा घालावा लागतो. हा ओबडधोबडपणाच या किनाऱ्याचे सौंदर्य आहे आणि पूर्वी गलबतांना आसराही त्याच खाड्यांनी दिला.

गुहागरची पुळण लांबलचक आणि सुरूच्या झाडांची सावली असलेली आहे. गाव शांत, वाड्या नारळ-सुपारीच्या. एक मुक्काम इथे करावा. दक्षिणेला वेळणेश्वरचा किनारा आणि पुढे हेदवी. हेदवीला खडकात एक अरुंद घळ आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट त्या फटीत शिरते आणि पाणी मोठ्या आवाजाने वर उसळते. हे दृश्य लांबून पाहण्याचे आहे. कडेला उभे राहून फोटो काढण्याचे नाही.

उत्तरेला अंजनवेल. इथे दीपगृह आहे आणि वाशिष्ठीच्या मुखावर गोपाळगड. विजापूरकर, शिवाजी महाराज, सिद्दी, आंग्रे, पेशवे अशा अनेकांच्या हाती हा गड फिरला, कारण जो इथे बसेल त्याच्या हाती खाडीतून जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची किल्ली राहायची. गडावरून पलीकडे जे गाव दिसते तेच दाभोळ. धोपाव्याहून गाडीसकट माणसे पलीकडे नेणारी फेरीबोट मिळते. लहान मुलांना हा बोटीचा प्रवास कुठल्याही बागेतल्या पाळण्यापेक्षा अधिक आवडतो.

दाभोळ : ज्याला आपण विसरलो

आज दाभोळला उतरणारा माणूस सहसा तिथे थांबत नाही, तो पुढे दापोलीला निघून जातो. व्यापाऱ्याने तसे करू नये. बहामनी काळात हे दख्खनच्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. अरबस्तान आणि इराणकडून इथे घोडे उतरत, इथून कापड जात असे. पंधराव्या शतकात रशियातून आलेला अफनासी निकितीन नावाचा व्यापारी दख्खन फिरून मायदेशी निघाला तो याच दाभोळहून जहाजाने. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने हे शहर जाळले. तरीही ते पुन्हा उभे राहिले, आदिलशाहीत पुन्हा नांदले.

त्या नांदत्या काळाची खूण म्हणजे खाडीकाठची जुनी मशीद. घुमट आणि मिनार असलेली ही इमारत विजापुरी धाटणीची आहे. विजापूरच्या राजघराण्यातील एक स्त्री हजला जाण्यासाठी मोठ्या लवाजम्यासह दाभोळला आली, समुद्रात धोका असल्याने तिला पुढे जाता आले नाही, आणि प्रवासासाठी आणलेल्या रकमेतून तिने ही मशीद उभारली, असे सांगितले जाते. कहाणी खरी असो वा लोकांनी रचलेली, विजापूरहून निघालेले माणूस या बंदराला येई, एवढे तर त्यातून कळतेच. ती आली असेल तर वाट बहुधा आपल्याच मुलुखातून असणार.

दाभोळ मागे का पडले, याचा विचार करायला तिथला धक्का ही चांगली जागा आहे. परकी आरमारे आली, सत्ता बदलल्या, पुढे राजापूर, वेंगुर्ला आणि शेवटी मुंबई वर आली, व्यापाराची वाटच बदलली. ज्यांनी वाट बदललेली ओळखली ते व्यापारी दुसऱ्या बंदरात गेले आणि टिकले. जे जुन्या पेढीवर बसून राहिले त्यांची नावेही उरली नाहीत. "धंदा कोण बघणार?" असे विचारणाऱ्याने हा धक्का एकदा पाहावा. गिऱ्हाइकाची वाट बदलली तर गादीवर बसून धंदा बघणाऱ्याला ती दिसत नाही, उठून फिरणाऱ्याला दिसते.

हर्णै : तासाभरात विकला जाणारा माल

दाभोळहून दापोली पाऊण-एक तासाच्या वाटेवर. दापोली उंचावर असल्याने हवा किनाऱ्यापेक्षा सौम्य. इथे १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे. आंबा, काजू, मसाल्याची झाडे यांची कलमे घ्यायची असतील तर रस्त्यावरच्या हातगाडीपेक्षा विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी. दापोलीच्या आसपास कर्दे, लाडघर, आंजर्ले असे एकाहून एक किनारे आहेत. मुरूड नावाचे गावही इथे आहे, पण ते जंजिऱ्याचे मुरूड नव्हे. जंजिऱ्याचे मुरूड रायगड जिल्ह्यात, बरेच उत्तरेला आहे. खोली ठरवताना ही गल्लत अनेकांची होते.

व्यापाऱ्याने चुकवू नये अशी जागा म्हणजे हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव. सकाळी आणि संध्याकाळी होड्या येतात, वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. आपल्याकडे हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे ठेवता येत असे, भाव आला की पेव उघडायचे. इथे माल तासाभरात विकला गेला नाही तर बर्फात जातो आणि भाव कोसळतो. आपल्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होत आला, इथे सगळे चारचौघांत, मोठ्याने. बोली लावणाऱ्यांत बायका पुढे असतात आणि त्यांचा हिशेब तोंडी चालतो. आपल्या मुलाला दुकानावर बसवायचे असेल तर त्याला एक सकाळ इथे उभे करावे. नाशवंत माल म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागणार नाही.

समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत आणि आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही आहे. या दर्जामुळे पुढच्या काळात बाहेरचा प्रवासी घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे वाढेल असे दिसते. त्याचा उपयोग कोण करून घेतो, हा प्रश्न व्यापाऱ्याचा आहे.

या पट्ट्यात चिपळूण, खेड, दापोली, दाभोळ, हर्णै इथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यामुळे हलाल जेवणाची आणि नमाजाची अडचण पडत नाही. त्यांची तांदळाची भाकरी आणि नारळाच्या वाटणातली मासळी आपल्या ज्वारी-मटणाहून अगदी निराळी. अनेक घरांतील माणसे पिढ्यान् पिढ्या जहाजावर आणि आखातात नोकरीला गेली. घर सोडून लांब जाण्याची भीती त्यांनी केव्हाच टाकली. आपल्याला शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच आहे.

दक्षिणेचा रस्ता

मिरज-सांगलीकरांना कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठणेही सोयीचे. तिथे थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच मरण पावला. मिरकरवाडा बंदरात यांत्रिक होड्या, बर्फाचे कारखाने, इंजिन दुरुस्तीची गॅरेज यांची मोठी उलाढाल चालते, आणि त्यात आपले मच्छीमार बांधवही मोठ्या संख्येने आहेत. गॅरेजवाल्याने राजवाड्याइतकाच वेळ मिरकरवाड्याला द्यावा. त्याहून खाली मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला. पण चार दिवसांत सगळे उरकण्याचा हव्यास धरू नये. निम्मा दिवस गाडीत गेला तर सहल कसली? उत्तर किंवा दक्षिण, एका वेळी एकच टोक धरावे.

व्यापाऱ्याची नजर

सुट्टीत धंद्याचा विषय काढू नये असे कुणी म्हणेल. सहलीला निघालो म्हणून डोळे मिटून घ्यावेत असे आम्हाला वाटत नाही. फक्त दिवसाचा एक तास त्यासाठी ठेवावा, बाकीचा वेळ घरच्यांचा.

त्या एका तासात काय पाहावे? किनाऱ्यावर 'न्याहारी व निवास' पद्धतीची घरे आणि लहान हॉटेले वाढली आहेत. त्यांना गाद्या-उशा लागतात, पडदे लागतात, लाकडी आणि लोखंडी सामान लागते, बेकरीचा टिकाऊ माल लागतो. या सगळ्या कामांचे कारागीर आपल्या गल्लीगल्लीत आहेत. पण तिथली गरज वेगळी आहे. खारा वारा साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खाऊन टाकतो. तिथे ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील लागते. दमट हवेत कापसाच्या गादीला बुरशी येते. घाटावरचा माल जशाच्या तसा खाली नेऊन विकणारा फसेल, तिथले हवापाणी पाहून बनवणारा टिकेल. आपली राजापुरी हळद, तासगावचा बेदाणा, साताऱ्याचे कंदी पेढे यांना तिथल्या प्रवाशांमध्ये गिऱ्हाईक आहे का, हेही विचारून पाहायला काय हरकत आहे?

खरेदी करायची तर आमसूल, कोकमाचे आगळ, काजू आणि आंबा. आंब्याबाबत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. कर्नाटकातून आलेला आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून हापूस म्हणून विकण्याचा प्रकार बाजारात चालतो. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याच वर्षी सांगलीच्या हळदीलाही मिळाला. उद्या दुसऱ्या कुठली हळद सांगलीच्या नावाने विकली तर आपण ओरडू की नाही? मग दुसऱ्याच्या नावावर आपण आंबा कसा विकतो? बागायतदाराच्या अंगणात जाऊन गवताच्या आढीत पिकलेला आंबा एकदा हाताळला, त्याचा वास आणि साल ओळखीची झाली, की फसवणे आणि फसणे दोन्ही टळते. कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. माप, नाव आणि माल खरा असेल तरच बरकत.

दर्याशी मस्ती नको

शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट. आपण कृष्णा-कोयनेकाठची माणसे. नदीत पोहायला शिकलेल्या तरुणाला वाटते, समुद्र काय वेगळा? तो वेगळाच आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेले ८ जण गेले. ती सगळी आपल्यासारखीच घाटावरून उतरलेली मुले होती.

लाट फुटल्यावर परत जाणारे पाणी काही ठिकाणी जोराच्या ओढीने आत खेचते. वरून ती जागा शांत दिसते आणि माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीतून बाहेर पडावे आणि मग काठाला यावे. पोहता न येणाऱ्याने घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये. बुरखा, साडी, ओढणी भिजली की जड होते आणि पायात अडकते. मुलांचा हात सोडू नये. ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये आणि अंधारात तर मुळीच नाही.

भरतीचा अंदाज आपल्याला चांदेवरून बांधता येतो, ही सोय लक्षात ठेवा. नवा चांद दिसल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि १४-१५ चांदेच्या आसपास समुद्राला उधाण असते, पाणी खूप वर चढते आणि तितकेच मागे जाते. ७-८ आणि २१-२२ चांदेला भांग असते, पाण्याची चढउतार कमी. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पण हा झाला अंदाज. पाण्यात पाय टाकण्यापूर्वी गावातल्या कोळ्याला विचारावे आणि तो नको म्हणाला तर ऐकावे. मेच्या अखेरीस हवामानाची बातमीही पाहावी. मे २०२१ मधले तौक्ते आणि जून २०२० मधले निसर्ग, ही दोन्ही वादळे याच दिवसांत आली होती.

गाडीवाल्यांना एक सूचना. वाळूवर गाडी घालू नये. ती रुतते, भरती येते आणि मग ट्रॅक्टर शोधत धावावे लागते. घरी परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्यावी. मीठ पत्र्याला सोडत नाही, हे पंक्चरवाल्यापासून डेंटिंगवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

हिशेबाचा शेवट

चार दिवस दुकान बंद ठेवले तर नुकसान किती? मंदीच्या आठवड्यातली चार दिवसांची विक्री, तीही बहुतेक गिऱ्हाईक पाचव्या दिवशी परत येणारे. जमा बाजूला काय? घरातल्या स्त्रीने आणि आईने समुद्र पाहिला. मुलाने लिलाव पाहिला. आपल्याच रस्त्याच्या टोकाला कधी काळी किती मोठे बंदर होते, हे त्याला कळले. चिपळूणचा एखादा व्यापारी नावाने ओळखीचा झाला. आणि गल्ल्यावर बसलेला माणूस ताज्या डोळ्यांनी आपल्या दुकानाकडे पाहू लागला. हा नफा वहीत लिहिता येत नाही म्हणून तो नफा नव्हे, असे कुठल्या व्यापाऱ्याने म्हणावे?

रमजान आणि लग्नसराईच्या तारखा समोर ठेवून आजच घरच्यांशी बोला. दुकानाच्या दारावर तारखा घालून पाटी लावा, म्हणजे गिऱ्हाइकाचा खोळंबा होणार नाही. ५० रुपयांचा डबा आजपासून सुरू झाला तर पुढच्या उन्हाळ्यात कुंभार्ली घाट उतरायला काही अडचण नाही.